रंगीत खडूंतला आंसेल्म

फ्रेन्वा गावात लाझारेत बोनां या बाईचं नाव निघालं की लोक आधी तिच्या जिभेबद्दल बोलतात. जीभ होतीच तशी. खुद्द पाद्रीबुवांना तिनं एकदा चर्चच्या पायरीवर ऐकवलं होतं की तुमचं प्रवचन लांबतं आणि तिकडे आमच्या गायी दूध चोरायला लागतात. पण जिभेचे किस्से संपले की कुणीतरी उठून चुलीतलं लाकूड उगाच हलवतं. त्या दिवशी जवळजवळ सगळं गाव तिच्या घरी जाऊन आलं होतं, आणि प्रत्येकजण चांगल्या मनानं गेला होता. वाईट मनानं गेले असते तर एव्हाना विसरलेही असते.

तिची आई एमिलांद. आमच्या मोर्वाँच्या डोंगरात गहू धड पिकत नाही, राय नावाचं काळं धान्य पिकतं तेही हातपाय आखडून. बायकांना दूध मात्र भरपूर. पॅरिसच्या मोठ्या घरांतल्या बायकांना स्वतःचं मूल स्वतः पाजणं कमीपणाचं वाटतं. ती तान्ही पोरं गाडीत घालून आमच्याकडे येतात. काही बाळसं धरून परत जातात, काही आमच्याच चर्चमागच्या मातीत राहतात. लाझारेत पाच-सहा महिन्यांची असताना एमिलांदच्या दारात असंच एक पोर आलं. ओठ निळे, मान काडीसारखी. गाडीवाल्यानं ते टोपलीसकट तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "टोपली तेवढी नीट ठेवा बाई, ती परत हवी."

एमिलांदनं उजवी बाजू त्या पोराला दिली आणि डावी स्वतःच्या पोरीला. उजवीकडे जास्त येतं हे तिला ठाऊक होतं. पोर जगलं, गुटगुटीत झालं, आणि लाझारेत जन्मभर खुजी राहिली. पुढे ती त्याला ऐकवायची, "तुमची निम्मी उंची माझी आहे, साहेब."

पोराचं नाव आंसेल्म व्हेर्नूय. पॅरिसच्या एका न्यायाधीशाचा मुलगा. एमिलांद त्याला सेल्मो म्हणायची, आणि तो तिला आई. दुसरी कुणी आई असते हे त्याला माहीतच नव्हतं. चार वर्षांचा झाला तेव्हा त्याला न्यायला गाडी आली. तो एमिलांदच्या झग्याला असा बिलगला की नोकराला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. गाडी वळणाआड गेल्यावर एमिलांदचा नवरा म्हणाला, "दुसऱ्याचं वासरू होतं, गेलं." त्यावर ती त्याच्याशी अख्खा हिवाळा बोलली नाही, आणि पुढे तिनं कुणाचंही पोर पाजायला घेतलं नाही.

लाझारेत वयात आली तेव्हा बाप वारला होता आणि गावात तिच्या जिभेला घाबरून कुणी मागणी घालत नव्हतं. आईनं तिला पॅरिसला धाडलं. "सेल्मोकडे जा," म्हणाली, "आणि तो कसा आहे ते मला कळव." लाझारेत मधाचं मडकं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. दार उघडणाऱ्या नोकरानं तिला मागच्या दरवाजानं यायला सांगितलं, तिनं त्याला त्याच्या आजीपर्यंत उद्धारलं, आणि तो आवाज ऐकून जिन्यावरून एक उंच तरुण धावत खाली आला. आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता हो, बोली होती. त्या बोलीत त्याला कुणीतरी लहानपणी अंगाई म्हटली होती. त्या दिवसापासून ती त्या घरात राहिली, आधी स्वयंपाकघरात, मग किल्ल्या कमरेला लावून.

आंसेल्मनं लग्न केलं नाही. त्याला चित्रांचं वेड होतं. भिंती भरल्या तेव्हा त्यानं दारांवर चित्रं टांगली, दारं भरली तेव्हा जेवायच्या टेबलाखाली चामडी बासनं रचली. दूरदूरचे शौकीन ती बघायला यायचे आणि एकेका चित्रापुढे नाक लावून उभे राहायचे. लाझारेतला त्यात काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. "नागव्या बायका आणि मेलेले ससे," ती म्हणायची. "दोन्ही झाकून ठेवायच्या गोष्टी." पण त्या खोल्यांत सतरंजी झटकायची नाही, दार आपटायचं नाही, कोणतं चित्र उन्हापासून लांब ठेवायचं, हे सगळं ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. त्याचा जीव ज्यात होता ते तिच्या हातून बिघडलं असतं तर तिनं स्वतःला माफ केलं नसतं.

तिचं त्याच्यावर प्रेम होतं. बहिणीचं म्हणा, आणखी कसलं म्हणा, तिनं स्वतः कधी विचारलं नाही, आपणही विचारू नये.

एकाच गोष्टीवरून ती त्याच्यावर खरोखर रागवायची. तो कधी फ्रेन्वाला गेला नाही. दर वसंतात म्हणायचा, "या वर्षी आईला भेटून येऊ," आणि दर वर्षी कुठलातरी चित्रांचा लिलाव आडवा यायचा. लाझारेत दोन-चार वर्षांनी घरी जायची तेव्हा म्हातारी एकच विचारायची, "माझी आठवण काढतो का गं?" आणि लाझारेत, जी राजालाही तोंडावर खरं बोलली असती, ती म्हणायची, "रोज." काढायचा तो आठवण. पण रोज नाही.

तो चाळिशीचा असताना जिनिव्हाहून एक चित्रकार आला. हा रंगीत खडूंनी चित्रं काढायचा. हाताच्या बोटाएवढे खडू, पेटीत शेकडो, आणि निळसर कागदावर ते घासून बोटानं पसरायचे. आंसेल्म त्याच्यासमोर बसला. केसांचा टोप नाही, घरातला सैल रेशमी झगा, डोक्यावर मऊ टोपी, हातात एक रेखाचित्र. बैठकीमागून बैठक झाली पण चित्रकार समाधानी होईना. "हा चेहरा आहे की बंद दुकान?" तो वैतागून म्हणाला. "जरा जिवंत व्हा, महाराज."

तेवढ्यात लाझारेत गरम चॉकलेटचं भांडं घेऊन दारात आली. पाहते तर गुलाबी, पिवळी, निळी धूळ सगळ्या गालिच्यावर सांडलेली, आणि चित्रकाराची पावलं ती आणखी आत चेपत होती. तिनं डोळे वटारले. आंसेल्मनं ते पाहिलं आणि पॅरिसची भाषा सोडून गावच्या बोलीत म्हणाला, "काय गं, कुणाला खातेस?"

"हा उकिरडा कोण काढणार?" ती त्याच बोलीत म्हणाली. "तुझा न्यायाधीश बाप येणारे का वरून?"

पॅरिसच्या भाषेत ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. गावच्या बोलीत 'तुम्ही' तोंडात बसतच नव्हतं.

आंसेल्मचे डोळे आधी हसले. तोंड अजून आवरलेलं होतं, पण डाव्या कोपऱ्यात सुटायला लागलं होतं. "हलू नका," चित्रकार ओरडला, "बाई, तिथेच उभ्या राहा," आणि त्यानं खडू उचलले. चॉकलेट थंड झालं. लाझारेत भांडं धरून उभी राहिली, आणि तो तिच्याकडे बघत हसायच्या बेतात बसून राहिला.

तेच चित्रात आलं. पाहणारे विचारायचे, हे कुणाकडे बघताहेत? आंसेल्म काहीतरी थाप मारायचा. चौकटीबाहेर, जरा डावीकडे, दारात कोण उभं होतं ते त्या तिघांनाच ठाऊक होतं. लाझारेत ज्या दिवशी थकायची त्या दिवशी त्या खोलीत जाऊन बरोबर त्या जागी उभी राहायची. मग तो तिच्याकडे बघायचा. एवढंच. एवढ्यावर तिचं आयुष्य बरं चाललं होतं.

"हा रंग नव्हे, लाझारेत," त्यानं तिला बजावलं होतं. "नुसती धूळ आहे. कागदाला धरून बसलीय म्हणून माझं नाक आहे. काच कधी काढायची नाही. बोट लागलं की चेहरा बोटावर येईल."

"मग असलं कशाला काढून घेतलंत?"

"दुसऱ्या कशानं माझी कातडी इतकी खरी आली नसती."

एका कडक ऑगस्टात तो तापानं गेला. उकाडा असा होता की वाट बघायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरला. मग पुतणे आले. चित्रं भिंतीवरून उतरली, गवतात गुंडाळली गेली, लिलाववाल्यांच्या गाड्या अंगणात लागल्या. आंसेल्मचं चित्र कुणालाच नको होतं. धाकट्या पुतण्याची बायको म्हणाली की टोपाशिवाय, मान उघडी टाकून बसलेला चुलतसासरा दिवाणखान्यात लावायचा म्हणजे पाहुण्यांना न्हाणीघर दाखवण्यासारखं आहे. पुतण्यानं लाझारेतकडे पाहिलं. "तुला हवंय का गं?"

तिनं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि कुणी ते परत मागायच्या आत खाली अंगणात गेली.

फ्रेन्वाला आईला काहीच माहीत नव्हतं. कुणाकडून तरी निरोप धाडावा, हे तिला जमेना. आपणच जाऊन सांगायचं, आणि जाताना त्याला घेऊन जायचं, असं तिनं ठरवलं. इतकी वर्षं 'येतो येतो' म्हणणाऱ्याला शेवटी ती कान धरून आईकडे नेणार होती.

टपालगाडीत ती चौकट मांडीवर आडवी घेऊन बसली, काच वर, वर घोंगडी. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी ती उचलून धरायची, म्हणजे हादरा तिच्या दंडांत जिरेल. समोर बसलेला द्राक्षमद्याचा व्यापारी बराच वेळ ते पाहत होता.

"काय आहे बाई त्यात? चीज?"

"भाऊ."

"फारच चपटा झालाय."

"तुमच्यासारखा पिंपाएवढा नव्हताच कधी."

गाडीतले हसले, व्यापारीही हसला, आणि त्यानं आपले पाय आखडून तिला जागा करून दिली. रात्री मुक्कामाला ती चित्र पलंगावर ठेवून स्वतः जमिनीवर झोपायची. अशानं सोलियू आलं. तिथून पुढे टपालगाडी नाही. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं तिला बैलगाडीत घेतलं. सगळा डोंगर चढून झाला, गावातली घरं दिसायला लागली, आणि ओढ्याच्या काठावर चाक दगडावरून असं आपटलं की घोंगडीखालून आवाज आला. लाझारेतनं घोंगडी वर केली नाही. तिच्यात तेवढी हिंमत नव्हती.

एमिलांद चुलीपाशी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. पावलं ओळखून ती म्हणाली, "आलीस? अवेळी कशी?"

लाझारेतनं चौकट भिंतीत बसवलेल्या पलंगावर सपाट ठेवली. मग आईसमोर बसली.

"आई, सेल्मो गेला."

"कुठे?" म्हातारीनं विचारलं.

मग म्हातारीला समजलं. तिनं हात मांडीवर ठेवले, उलटे, तळवे वर.

"कधी?"

"ऑगस्टात. ताप होता."

"तू होतीस?"

"होते. डोळे मीच मिटले."

"पाणी कुणी घातलं?"

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या उशाशी बशीत चर्चचं पवित्र पाणी ठेवतात, त्यात एक हिरवी डहाळी. घरचे, शेजारचे, ज्याचं कधीकाळी भांडण झालं होतं तोसुद्धा, एकेक जण येऊन डहाळीनं त्याच्यावर पाणी शिंपडतो. मगच तो सुटतो आणि आपणही सुटतो. लाझारेत म्हणाली, "पुतण्यांनी घातलं. नोकरांनी घातलं. मी घातलं."

"मी नाही घातलं."

"तू इथे होतीस, आई."

"मी पाजलं त्याला," म्हातारी म्हणाली. "आणि पाणी परक्यांनी घातलं."

लाझारेत उठून पलंगाकडे गेली आणि घोंगडी बाजूला केली. काच तीन तुकड्यांत तडकली होती. एका तुकड्याचं टोक त्याच्या गळपट्ट्यापर्यंत पोचलं होतं. तिनं श्वास रोखून, नखांनी, तुकडे एकेक करून उचलले. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, हसायच्या बेतात. पॅरिसच्या घरातून निघाल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

"काय आहे तिथे?" म्हातारीनं विचारलं.

"तोच आहे. त्याचं चित्र. तुझ्यासाठी आणलंय."

म्हातारी चाचपडत आली. "कसा दिसतो?"

"हसायच्या बेतात आहे."

"कुणाला बघून?"

"मला," लाझारेत म्हणाली. हे ती जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगत होती.

"तुला बघून कुणाला हसू येणार नाही," म्हातारी म्हणाली, आणि तिचा हात पुढे आला. लाझारेतनं तो हवेतच धरला.

"हात नको लावूस, आई. काच फुटलीय. बोट लागलं तर चेहरा पुसून जाईल. मी उद्या सोलियूहून नवी काच आणते. तोवर कुणालाही हात लावू देऊ नकोस. ऐकलंस? कुणालाही नाही."

"नाही देणार," म्हातारी म्हणाली. "कुणाची माय व्यालीय?"

धूळ पडू नये म्हणून लाझारेतनं त्याच्यावर कणीक मळायची मोठी काथवट उपडी घातली, चार कोपऱ्यांना विटा लावून, म्हणजे लाकूड कागदाला टेकू नये. सकाळी उजाडताच ती दोरीवर काचेचं माप घेऊन सोलियूला निघाली.

काचवाल्यानं बराच वेळ बसवून ठेवलं. पण काच छान निघाली, कुठे बुडबुडा नाही. गवतात बांधून, पाठीवर घेऊन ती परत निघाली तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. घरी गेल्यावर डुकराच्या चरबीत जाडजूड धिरडी करायची, आईला खायला घालायची, मग चित्र तिच्या पलंगाशेजारी टांगायचं, म्हणजे आपण चुलीपाशी बसलो की बरोबर त्याच्या नजरेत येऊ, असा तिचा बेत चालला होता. आता जायचं कुठेच नव्हतं. तिघं एका घरात राहणार होती.

घराच्या कुंपणाशी आली तेव्हा तिला मधमाश्यांच्या पेट्यांवर काळी चिंधी बांधलेली दिसली. घरात कुणी गेलं की आम्ही माश्यांना असं कळवतो, नाहीतर त्या रागावून निघून जातात. मयताच्या घरी करतात तसं, दाराबाहेर घरातलं सगळं भरलेलं पाणी ओतून दिलेलं होतं. आई गेली, असंच तिला वाटलं. पाठीवर काच, म्हणून धावताही येईना. दारातून काळी घोंगडी पांघरलेल्या बायका बाहेर पडत होत्या, आणि शेजारची बार्ब पुढे होऊन तिला म्हणाली, "ये गं पोरी. तुझा भाऊ गेला म्हणे. फार वाईट झालं."

"आई कुठे आहे?"

"आत. लेकराच्या उशाशी."

लाझारेत आत गेली. घड्याळही त्याच रिवाजानं थांबवलेलं होतं. पलंगावर घरातली एकुलती एक चांगली चादर अंथरली होती, ती चौकटीच्या अर्ध्यापर्यंत पांघरल्यासारखी ओढली होती, आणि उशीवर आंसेल्म होता. उशाशी मेणबत्ती, बशी, बशीत डहाळी. शेजारी एमिलांद रविवारची पांढरी टोपी घालून ताठ बसली होती. गावातले लोक अजून भिंतीला लागून उभे होते.

"आधी आम्हालाच कोडं पडलं," बार्ब मागून हळू आवाजात सांगत होती. "चित्राला पाणी कसं घालायचं? पाद्रीबुवाही गावात नाहीत विचारायला. पण तुझी आई म्हणाली, लाकडाच्या ख्रिस्ताला चालतं, मग माझ्या पोराला का नाही? आता यावर काय बोलणार? आणि हात म्हणशील तर कुणी लावलेला नाही हं. काथवटसुद्धा चौघांनी चार बाजूंनी अलगद उचलली. म्हातारीनं दम भरला होता, लाझारेतनं सांगितलंय, हात लावायचा नाही. कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही बघ."

कुणी बोट लावलेलं नव्हतं. प्रत्येकानं शिंपडलेले थेंब मात्र कागदावर पडले होते. कपाळ डागाडागांनी खचलं होतं. टोपीचा रंग ओघळून भुवयांत उतरला होता. तोंडाच्या जागी चिखलासारखा एक डाग होता, त्याच्या मधून कागदाचा निळा रंग दिसत होता. उजवा डोळा कुठे होता ते तिला सापडेना. डावा मात्र होता. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती, जिथून हसू सुरू झालं होतं, ती अजून तशीच होती.

"आणि तो रडला, लाझारेत," बार्ब म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी या डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या आईनं पहिलं पाणी घातलं आणि त्याच्या डोळ्यातून ओघळ आला, सरळ गालावर. सगळ्यांनी पाहिलं."

लाझारेतनं तोंड उघडलं. गावाला वाटलं आता काही खरं नाही. तिचा चेहराच तसा झाला होता. मूर्खांनो, गाढवांनो, आंधळ्यांनो, हे सगळं तिच्या ओठांवर होतं.

"लाझारेत?" एमिलांद म्हणाली. "तुझीच पावलं ना?"

"हो, आई."

"तो रडला गं." म्हातारी हळूच बोलत होती, कुणाची झोप मोडू नये तशी. "मी पाणी घातलं आणि तो रडला. बार्बनं सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, विसरला असेल. तू म्हणायचीस रोज आठवण काढतो, पण मला कळायचं तू माझ्यासाठी म्हणतेस. मी काही तितकी खुळी नाही. पण आज त्यानं मला ओळखलं."

लाझारेतनं तोंड मिटलं. पाठीवरची काच तिनं उतरवली नाही. तिला ती आहे हेही आठवत नव्हतं. तिच्या मनात एवढंच होतं की तो एक डोळा राहिला आहे. तेवढ्यावर चालेल. तेवढा जरी राहिला तरी चुलीपाशी बसता येईल.

"पाणी घालायची तू एकटीच राहिलीस," म्हातारी म्हणाली. तिनं चाचपडून बशीतली डहाळी उचलली आणि लेकीचा हात शोधला.

"मी तिकडे घातलं होतं, आई. पॅरिसला."

"ते तिकडे. इथे तो घरी आलाय. भावाला पाणी नाही घालणार?"

सगळे बघत होते. लाझारेतनं डहाळी घेतली. चादरीवर शिंपडावं, असं तिनं ठरवलं, म्हातारीला काय दिसणार. पण म्हातारीनं तिचं मनगट सोडलं नाही. "दोघी मिळून घालू," ती म्हणाली. "थांब, मी धरते." तिनं लेकीचा हात बशीत बुडवला, वर उचलला आणि अंदाजानं उशीवर नेला, जिथे पोराचं डोकं असतं तिथे.

"थोडंसंच, आई," लाझारेत म्हणाली.

"चिकटपणा करू नकोस. भाऊ आहे तुझा."

दोघींच्या हातानं डहाळी हलली. थेंब पडले. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला.

"रडतोय का गं अजून?" एमिलांदनं विचारलं.

लाझारेतनं पाहिलं. पाणी सुरकुतीत साठलं, क्षणभर तिथेच राहिलं, आणि मग डोळा घेऊन खाली निघालं.

"हो, आई," ती म्हणाली. "ओळखलं त्यानं तुला."